कोठाराची किल्ली कोणाच्या हाती? बदलते हवामान आणि आपली भाकर

पवित्र शास्त्रातील योसेफाची कथा आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. फारो राजाच्या स्वप्नात सात पुष्ट गाई आल्या, त्यांच्यामागून सात रोड गाई आल्या आणि त्यांनी पुष्ट गाईंना गिळून टाकले. योसेफाने स्वप्नाचा अर्थ सांगितला : सात वर्षे सुकाळ आणि त्यानंतर सात वर्षे दुष्काळ. त्याच्या सल्ल्याप्रमाणे सुकाळात पिकाचा पाचवा हिस्सा कोठारांत साठवण्यात आला आणि दुष्काळात मिसर देश तरला.

प्रवचनांतून ही कथा बहुधा येथपर्यंतच सांगितली जाते. उत्पत्तीच्या ४७ व्या अध्यायात तिचा पुढचा भाग आहे. दुष्काळ लांबला तेव्हा लोकांनी धान्यासाठी प्रथम पैसा दिला, मग गुरेढोरे दिली आणि अखेरीस आपल्या जमिनी देऊन ते फारोचे दास झाले. कोठारामुळे त्यांचे प्राण वाचले. परंतु कोठाराची किल्ली एकाच्याच हाती असल्यामुळे त्यांचे स्वातंत्र्य गेले. बदलत्या हवामानात टिकून राहील अशी अन्नव्यवस्था कशी उभारावी, हा प्रश्न आज शास्त्रज्ञ, सरकारे आणि शेतकरी यांच्यासमोर आहे. त्याचे उत्तर शोधताना ही दोन्ही अंगे ध्यानात घ्यावी लागतील. कोठार हवेच, पण ते कोणाच्या ताब्यात असेल, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

आपला धर्मप्रांत आणि बदललेले पाऊसमान

नाशिक धर्मप्रांताची स्थापना १९८७ साली झाली. नाशिक, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), धुळे, नंदुरबार आणि जळगाव या जिल्ह्यांत तो पसरलेला आहे. या धर्मप्रांतातील पुष्कळ कुटुंबे शेती करतात, दुसऱ्यांच्या शेतात मजुरी करतात किंवा ऊसतोडीला जातात. म्हणून हवामानाचा प्रश्न आपल्याकडे थेट चुलीपर्यंत येतो.

या भागात पावसाची वाटणी मुळातच विषम आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरील इगतपुरीत वर्षाला ३००० मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातील सिन्नर आणि येवला या तालुक्यांत तो साधारण ५०० मिलिमीटर असतो. पर्जन्यछायेतील नगर जिल्ह्याच्या बऱ्याच भागाची स्थिती अशीच आहे. आपल्या पूर्वजांनी ही विषमता ओळखूनच पिके निवडली : डोंगरात भात, नागली, वरई आणि पठारावर बाजरी, ज्वारी, हुलगा, मटकी.

आता बदलते आहे ते पावसाचे वागणे. २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेत सुमारे १.१ अंश सेल्सिअसने अधिक होते. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पाऊस पडायला लागला की तो धो धो पडतो आणि मधले खंड लांबतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. वर्षाची बेरीज जवळपास तीच राहिली तरी पिकाला हवे तेव्हा पाणी मिळत नाही आणि नको तेव्हा ते कोसळते.

याचा अनुभव आपण घेतलेला आहे. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये महाराष्ट्राच्या मोठ्या भागाला गारपिटीने झोडपले. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी निफाड आणि आसपासच्या परिसरातील द्राक्षबागा अवकाळी पाऊस व गारांखाली सापडल्या. मे २०२५ मध्ये अवकाळी पावसाने काढणीचा व साठवणीचा उन्हाळ कांदा भिजवला.

एकाच पिकाचा धोका

द्राक्ष आणि कांदा या दोन पिकांनी नाशिकला नाव आणि पैसा दिला, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु ही पिके हवामानाच्या बाबतीत फार नाजूक आहेत. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर द्राक्षवेल फुलोऱ्यात येते. त्या वेळी पाऊस झाला तर घड कुजतात आणि डावणी पसरतो. मणी पक्व झाल्यावर पाऊस आला तर ते तडकतात. एकरी लाखोंचा खर्च एका रात्रीत वाया जातो आणि कर्ज मात्र उभे राहते.

कांद्याला हवामानाबरोबर बाजाराचाही फटका बसतो. उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो आणि चाळीत साठवून पुढील महिन्यांत थोडा थोडा विकला जातो. भिजलेला कांदा चाळीत टिकत नाही. तो सडतो किंवा त्याला मोड येतात. जो टिकतो त्याचा भावही शेतकऱ्याच्या हाती नसतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली आणि ही बंदी मे २०२४ मध्ये उठवली. शहरातील ग्राहकाला कांदा परवडावा हा हेतू समजण्याजोगा आहे. परंतु सारे घर एकाच पिकावर उभे असेल, तर आभाळ आणि सरकारी आदेश या दोहोंपैकी कोणीही ते पाडू शकते.

एकाच पिकावर विसंबलेला समाज किती असहाय होतो, याचे एक दारुण उदाहरण आयर्लंड या कॅथोलिकबहुल देशाच्या इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकात तेथील गरीब कुटुंबे जवळजवळ संपूर्णपणे बटाट्यावर जगत होती आणि तो बटाटाही मुख्यतः ‘लंपर’ या एकाच वाणाचा होता. १८४५ साली त्यावर करपा रोग आला. वाण एकच असल्याने रोगाला कोठेच अडसर राहिला नाही. पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भूक आणि आजारांनी मरण पावली आणि तितक्याच लोकांना देश सोडावा लागला. याच काळात आयर्लंडमधून धान्य बाहेर जात होते. देशात अन्न पिकत होते. मात्र त्यावर भुकेल्यांचा अधिकार नव्हता. योसेफाच्या कथेचा उत्तरार्धच येथे पुन्हा घडला.

पहिले कोठार : जमिनीतील पाणी

आपल्या धर्मप्रांतात या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे काम काही नवे नाही. १९७२ च्या दुष्काळाची आठवण वडीलधाऱ्यांच्या मनात अजून ताजी आहे. खडी फोडण्याची कामे, सुकडीचे वाटप आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी यांवर त्या वर्षी लोक जगले. तातडीची मदत आवश्यकच होती. परंतु पुढच्या दुष्काळात पुन्हा परदेशी धान्याची वाट पाहायची काय, हा प्रश्न मागे उरला.

या प्रश्नाला ज्यांनी आपले आयुष्य वाहिले त्यांत येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांचे नाव अग्रभागी येते. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले फादर बाखर १९४८ साली भारतात आले आणि अहमदनगर येथील सोशल सेंटरच्या माध्यमातून त्यांनी दुष्काळी गावांत काम केले. दख्खनच्या पठाराखाली काळा पाषाण आहे. त्यात पाणी साठते ते केवळ वरच्या मुरमाड थरात आणि खडकाच्या भेगांत. हा साठा लहान असतो. आधी पाणी मुरवले नाही तर विहीर कितीही खोल नेली तरी ती कोरडी पडते. म्हणून विहीर खणण्याआधी डोंगरावरचे पाणी अडवले पाहिजे, हे पाणलोट विकासाचे सूत्र आहे. फादर बाखर यांच्या पुढाकारातून जर्मनीच्या साहाय्याने आणि नाबार्डच्या सहभागाने इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आकाराला आला. १९९३ साली त्यांनी क्रिस्पिनो लोबो यांच्यासह वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था स्थापन केली. २०२१ मध्ये फादर बाखर प्रभूच्या भेटीस गेले.

काम माथ्यापासून पायथ्याकडे चालते. उघड्या उतारावर पाऊस पडला की पाणी धावत सुटते आणि माती बरोबर नेते. तेथे समान पातळीवर चर खोदले की पाणी थांबते, रेंगाळते आणि मुरते. चराच्या कडेला गवत व झाडे लावली की त्यांची मुळे माती धरतात. खाली शेतांना बांध घातले जातात, ओढ्यात लहान बंधारे येतात आणि सर्वांत शेवटी विहिरी भरतात. मुसळधार पाऊस पडला तर ही रचना माती वाचवते. पावसाने ओढ दिली तर मुरलेले पाणी पिकाला जगवते. बदलत्या हवामानाची दोन्ही संकटे एकाच उपायाने सौम्य होतात.

संगमनेर तालुक्यातील दरेवाडी हे याचे बोलके उदाहरण आहे. १९९६ ते २००१ या काळात तेथे पाणलोटाचे काम झाले. त्यापूर्वी उन्हाळ्यात गावाला टँकरच्या पाण्यावर राहावे लागे आणि शेतीत वर्षातून तीन-चार महिनेच काम मिळे. कामानंतर भूजलाची पातळी वर आली आणि शेतीतील रोजगार नऊ ते दहा महिन्यांपर्यंत वाढला.

या यशाची किंमतही सांगितली पाहिजे. डोंगरावर गवत व रोपे वाढावीत म्हणून चराईबंदी करावी लागते. तिचा पहिला भार मेंढपाळ व भूमिहीन यांच्यावर पडतो, तर विहिरीला आलेले पाणी प्रथम जमीनवाल्याला मिळते. त्यामुळे सारे रान एकाच वेळी बंद न करता टप्प्याटप्प्याने बंद करणे, गवत कापून नेण्याची मुभा देणे आणि कामाची मजुरी प्रथम भूमिहीनांना देणे, हे न्यायाचे भाग ठरतात. ज्यांच्या त्यागावर पाणी अडले त्यांनाच ते मिळत नसेल, तर ते कोठार फारोचेच म्हणावे लागेल.

पाणी मुरल्यावर ते कोणी, किती वापरायचे, हा पुढचा प्रश्न आहे. नगर तालुक्यातील हिवरे बाजारने त्याचे उत्तर दिले. पोपटराव पवार १९८९ साली तेथे सरपंच झाले आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. हे गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते. पाऊस किती झाला, जमिनीत किती मुरला, माणसे व जनावरांना किती लागेल, हे प्रथम ठरते आणि उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यायची ते ग्रामसभा ठरवते. शेतीसाठी बोअर घेण्यास आणि ऊस-केळीसारख्या अति पाणी पिणाऱ्या पिकांना तेथे मनाई आहे.

याच्या उलट चित्रही आपल्या आसपास दिसते. पावसाचे पाणी साठवण्यासाठी असलेली शेततळी अनेक ठिकाणी प्लॅस्टिक अंथरून बोअरच्या पाण्याने भरली जातात. जमिनीखालचे सर्वांचे पाणी असे एकाच्या तळ्यात येते आणि उन्हात त्याची वाफ होते. साधन एकच, पण नियम नसला की सामायिक कोठार खासगी होऊन जाते.

दुसरे कोठार : बियाणे

पाणी आले तरी पेरायला काय, हा प्रश्न राहतो. संकरित वाणाचे बी दुसऱ्या वर्षी पेरले तर पहिल्यासारखे पीक येत नाही. त्यामुळे दरवर्षी नवे बी विकत घ्यावे लागते. पावसाने ओढ दिली आणि दुबार पेरणीची वेळ आली की हा खर्चही दुप्पट होतो. संकरित वाणांनी उत्पन्न वाढवले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु घरात दुसरे काहीच बी नसणे हा धोका आहे. देशी व सरळ वाणांचे बी राखून ठेवता येते आणि पिढ्यान्‌पिढ्या ते त्या मातीशी व पावसाशी जुळत आलेले असते.

अकोले तालुक्यातील कोंभाळणे या आदिवासी गावच्या राहीबाई पोपेरे यांनी हे काम साऱ्या देशाला दाखवून दिले. त्यांना शाळेत जाता आले नाही. त्यांनी भाताचे, वालाचे, भाज्यांचे आणि इतर पिकांचे गावठी वाण गोळा केले आणि बायफ या संस्थेच्या साहाय्याने बियाणे बँक उभी केली. २०१८ साली बीबीसीच्या शंभर प्रेरणादायी महिलांच्या यादीत त्यांचा समावेश झाला आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. लोक त्यांना ‘बीजमाता’ म्हणतात.

या बँकेचा व्यवहार साधा आहे. बी घेऊन जाणाऱ्याने पीक आल्यावर दुप्पट बी परत करायचे. येथे पैशाचे व्याज नाही आणि तारणही नाही. दुप्पट आलेल्या बियांतून पुढच्या वर्षी आणखी घरांत पेरणी होते आणि एकाच्या शेतात वाण बुडाला तरी तो दुसऱ्याच्या शेतात जिवंत राहतो. ज्या कोठाराची किल्ली सर्वांच्या हाती आहे ते देण्याने वाढते.

तिसरे कोठार : शेत आणि ताट

पाणी व बियाणे यांची जोड पिकांच्या विविधतेला मिळाली तर व्यवस्था खऱ्या अर्थाने टिकाऊ होते. बाजरीत तूर, मटकी, हुलगा पेरण्याची जुनी रीत हा एक प्रकारचा विमाच होता. पावसाने दगा दिला तरी सारी पिके एकाच वेळी जात नसत. द्विदल पिके जमिनीला नत्र देत आणि जनावरांना भुसाही मिळे. द्राक्ष किंवा कांदा सोडून द्या असे येथे सुचवायचे नाही. परंतु घरच्या खाण्यापुरते धान्य व कडधान्य स्वतःच्या रानात असले, तर बाग गेली तरी चूल पेटती राहते.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या भागांतील आदिवासी बांधव आजही डोंगरउतारावर नागली व वरई पिकवतात. हलक्या जमिनीत आणि कमी खर्चात ही पिके येतात. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात ते त्याच्या अल्पांशानेच आढळते. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. तरीही नागलीच्या भाकरीला गरिबाचे अन्न समजून कमी लेखण्याची सवय अद्याप गेलेली नाही. शेतकऱ्याने नागली पेरावी असे म्हणणाऱ्याने ती आपल्या ताटात घेतली पाहिजे. खाणारा नसेल तर पेरणारा टिकत नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक प्रसिद्ध केले. जगातील बहुसंख्य लोकांचे पोट लहान शेतकरी भरतात आणि त्यांना आधार देणे हे शासनाचे कर्तव्य आहे, असे त्यांनी त्यात प्रतिपादन केले आहे. पिण्याचे सुरक्षित पाणी हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क असल्याचेही ते सांगतात. हवामान ही सर्वांच्या मालकीची आणि सर्वांसाठी असलेली संपदा आहे, ही त्यांची भूमिका नव्या करारापासून चालत आलेल्या परंपरेला धरूनच आहे.

जुन्या करारातही हाच विचार आहे. शेताच्या कडा पूर्णपणे कापू नयेत आणि पडलेली कणसे गरिबांसाठी व उपऱ्यांसाठी सोडावीत, अशी आज्ञा लेवीय पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात आहे. रूथ ही परदेशी विधवा अशीच कणसे वेचून जगली आणि प्रभू येशूच्या वंशावळीत तिचे नाव आले. जमीन एकाची असली तरी त्या पिकात गावाचा वाटा आहे, असे हे शास्त्र सांगते. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण रोजची भाकर मागतो ती बहुवचनात, ‘आमच्या’साठी. केवळ माझ्या घरापुरती मागणी तेथे नाही.

धर्मग्रामांत काय करता येईल?

मोठ्या योजना शासनाने आणि संस्थांनी राबवाव्यात; त्यांचा पाठपुरावा आपण जरूर करावा. परंतु काही गोष्टी प्रत्येक धर्मग्रामाच्या आवाक्यात आहेत.

कापणीच्या सणाला आपण वेदीवर धान्य अर्पण करतो. त्याबरोबर प्रत्येक कुटुंबाने घरच्या एका तरी गावठी वाणाचे बी आणावे. राख व कडुनिंबाचा पाला घालून ते कोरड्या ठिकाणी जपावे आणि पुढच्या हंगामात मागेल त्याला, मग तो कोणत्याही धर्माचा असो, दुप्पट परतीच्या बोलीवर द्यावे. महिला मंडळांनी हे काम हाती घेतल्यास ते टिकेल. कारण बियाणे राखण्याचे ज्ञान आजही मुख्यतः घरातील स्त्रियांकडेच आहे.

पावसाळा संपल्यावर युवकांनी गावातील विहिरींची पाणीपातळी मोजावी आणि ती फळ्यावर लिहावी. ग्रामसभेत रब्बीची पिके ठरवताना हा आकडा उपयोगी पडेल. ताळेबंदासाठी फार शिक्षण लागत नाही. एक दोरी, एक वही आणि सातत्य पुरते.

आपल्या वसतिगृहांतून आठवड्यातून काही दिवस नागली किंवा बाजरीची भाकरी द्यावी आणि धान्य शक्यतो जवळच्या शेतकऱ्यांकडून घ्यावे. चर्च, शाळा व धर्मभगिनींच्या मठांच्या आवारात पडणारे छपराचे पाणी विहिरीत किंवा शोषखड्ड्यात सोडावे. आणि या साऱ्या गोष्टी ठरवताना भूमिहीन मजूर, मेंढपाळ व एकट्या स्त्रिया यांना शेवटी नव्हे, प्रथम विचारावे.

१५ मे रोजी आपण संत इसिदोर यांचा सण साजरा करतो. शेतकऱ्यांचे हे आश्रयदाते संत स्वतः दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारे मजूर होते. त्यांच्याकडे स्वतःचे कोठार नव्हते, तरी भुकेल्यांना आपल्या घासातला घास देण्यासाठी ते ओळखले जात. येणारी वर्षे सुकाळाची असतील की दुष्काळाची, हे आपल्या हाती नाही. परंतु माती, पाणी आणि बियाणे यांची कोठारे भरणे आणि त्यांची किल्ली सर्वांच्या हाती ठेवणे, हे मात्र आपल्या हाती आहे. त्यासाठी लागणारी सुबुद्धी आणि एकी प्रभू आपणा सर्वांना देवो.